येळवसला बंद पडलेली नऊ यंत्रं

मंगळवारी सकाळी चहाला आधण ठेवलं आणि मोबाईलवर पत्र आलं. यशोदा विश्वासाची नाही, असा त्याचा अर्थ होता.

पत्र नीट मराठीत होतं. खाली सही होती, बुद्धप्रिया, लातूर. तुमच्या ‘यशोदा’सह नऊ रिले एकाच माणसाचे असावेत आणि तो माणूस हे लपवतोय, असा आम्हाला संशय आहे. सात दिवसांत खुलासा करावा. नाहीतर नऊच्या नऊ रिले नेटवर्कमधून काढू आणि काढलेल्यांच्या यादीत त्यांची नावं लावू. ती यादी जगात कोणालाही वाचता येते.

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसून राहिलो. यशोदा माझी बायको. तिला जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं.

रिले म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण मलाही कोणीतरी सांगावंच लागलं होतं. आमच्या नांदेडच्या घरात टीव्हीच्या शेजारी साबणाच्या डबीएवढं एक यंत्र आहे. जगभर अशी हजारो यंत्रं लोकांनी आपापल्या घरी, आपल्या खुशीनं ठेवली आहेत. कोणाला आपलं नाव कळू न देता काही वाचायचं, विचारायचं किंवा पाठवायचं असेल, तर ते या यंत्रांतून जातं. कोणी बातमीदार असतो, कोणी नवऱ्याला चुकवून वकिलाला विचारणारी बाई असते. माझा धाकटा भाऊ शेषेराव किल्लारीला शेती करतो. त्याला मी डब्यावरून समजावलं होतं. खेड्यातल्या आया लातूरला शिकणाऱ्या पोरांचे डबे एसटीनं पाठवतात, तसंच हे. फक्त इथं डबा तीन गाड्या बदलतो. पहिल्या ड्रायव्हरला कळतं डबा कोणी दिला, पण कुठं जाणार ते कळत नाही. तिसऱ्याला कळतं कुठं द्यायचा, पण कोणाचा ते कळत नाही. मधल्याला यातलं काहीच कळत नाही.

“आन पयला आन तिसरा ड्रायवर एकच निघाला तर?” शेषेरावनं विचारलं होतं.

“मग सगळंच कळलं त्याला.”

“मंग त्याच्यावर नजर ठेवाया कोन हाय?”

कोण आहे ते मला त्या मंगळवारी कळलं. बुद्धप्रिया, लातूर.

मी टेलिफोनच्या नोकरीत लाईनमन होतो, चौतीस वर्षं. खांबावर चढून टेस्टफोनचे चिमटे तारेला लावले की कोणाचंही बोलणं ऐकू येतं. लाईन चालू आहे एवढं बघायचं आणि चिमटे काढायचे, हा नियम. तो मी आयुष्यात एकदाच मोडला. वीस वर्षं झाली त्याला. आमच्याच गल्लीच्या खांबावर होतो आणि आमचीच लाईन होती. यशोदा तिच्या धाकट्या बहिणीशी, उदगीरच्या नीलाबाईशी बोलत होती. मी म्हटलं आपल्याबद्दल काय म्हणते बघू. तर ती म्हणत होती, “मला वांगं आता नजरेसमोर नको वाटायलंय गं. पन ह्यांना कसं सांगावं?”

मी महिनाभर वांगं आणलं नाही. बाजारातून येताना गवार, भेंडी, दोडका. एक दिवस तिनं माझ्या हातातून पिशवी घेतली, आत बघितलं आणि शांतपणे म्हणाली, “ऐकता ना तुम्ही?”

“काय?”

“वांगं मला लई आवडतं. मी मुद्दाम बोलले. तुम्ही खांबावर दिसला होता खिडकीतून.”

पुढं तिनं जे सांगितलं ते मी विसरलो नाही. “तुम्हाला ऐकू येतं ह्याचं मला काही न्हाई. ऐकू येतं तर येतं म्हणून सांगायचं. लपवून ऐकलं, तेवढंच वाईट.”

गल्लीतल्या बाया निरोप सांगायच्या तर यशोदालाच. कोणाचं काही ठेवायचं असलं तरी आमच्याच घरी. ती कधी पुडी सोडून बघायची नाही आणि कोणाला विचारायची नाही. ती गेल्यावर आमच्या मुलीनं, शिल्पानं, पुण्याहून ते यंत्र आणलं. बाबांना वायरी आणि लाईन यातच बरं वाटतं हे तिला माहीत. यंत्राला नाव द्या म्हणाली. दुसरं नाव मला सुचलंच नाही.

रोज सकाळी चहा घेताना मी मोबाईलवर बघायचो, काल यशोदानं किती वाहून नेलं. घरात कोणीतरी कामाला लागलंय असं वाटायचं. म्हणून ते पत्र मला एवढं लागलं. यंत्र काढून टाकलं तर दुसरं घेता येतं. पण बेइमानांच्या यादीत तिचं नाव लागणार होतं.

आता बाकीची आठ. ती मीच लावली होती.

यशोदाच्या वर्षश्राद्धाला सगळे नातेवाईक आले होते. टीव्हीजवळचा हिरवा दिवा बघून प्रत्येकानं विचारलं. मी सांगितलं की हे तुमच्या वैनीचं यंत्र आहे आणि ते निरोप पोचवतं. माझी बहीण गुणाबाई लातूरला असते. ती म्हणाली, “मंग मला बी एक दे. वैनीचं काम हाय.” बघता बघता आठ घरांनी मागितलं. शिल्पानं आठ यंत्रं पाठवली. लातूर, किल्लारी, उदगीर, औसा, सगळीकडे मीच गेलो. घरच्यांनी फक्त वायर लावायची, बाकी सगळं माझ्या मोबाईलवरून. आठही यंत्रांच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, माझ्याच मोबाईलमध्ये. कोणाला तो त्रास नको होता. नावं मात्र ज्यानं त्यानं दिली. शेषेरावनं बैलाचं दिलं, सर्जा. गुणाबाईनं महालक्ष्मी.

शेषेरावनं चालू करायला मुहूर्त काढून आणला. दसरा, सकाळी अकरा बेचाळीस. मी मोबाईल हातात धरून बसलो आणि अकरा बेचाळीसला आठही एकदम चालू केली.

पत्र आल्यावर मी शेषेरावला फोन लावला. तो म्हणाला, “सोपं हाय. आपन नऊ जन वेगळे हाव ना? मंग नऊ जनांनी कळवायचं, आमी वेगळे हाव म्हनून. तू मजकूर टाक ग्रुपवर.”

मला ते पटलं. आजही सांगताना लाज वाटते, पण पटलं. मी घरच्या ग्रुपवर मजकूर टाकला. आम्ही स्वतंत्र कुटुंब असून आमचे यंत्र आम्ही स्वतः चालवितो, आमचा इतर आठ यंत्रांशी काही एक संबंध नाही. सगळ्यांनी तो उचलला आणि पाठवला. कोणी आळस केला नाही, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

“काका, मी बुद्धप्रिया बोलतेय. तुमचा खुलासा मिळाला. आणखी आठ मिळाले. पस्तीस मिनिटांत नऊ, आणि सगळ्यांत तोच मजकूर.”

“हाव. आमच्यात एकोपा लई.”

“शेषेरावांच्या पत्रात शेवटी ‘इथे आपले नाव टाकावे’ असंच राहिलंय.”

ती हसू दाबतेय असं वाटलं, पण आवाज सरळ होता. “काका, तुम्हाला लातूरला येता येईल? यातलं एक तरी यंत्र मला डोळ्यांनी बघायचंय.”

शनिवारी सकाळच्या गाडीनं मी लातूरला गेलो. भेट गुणाबाईच्या घरी ठरली. तिचं घर डाळमिलच्या मागच्या गल्लीत आहे. तिथं पायरीवरसुद्धा तुरीचा भुसा उडून येतो. बुद्धप्रिया स्कूटीवरून आली. तिशीच्या आतली मुलगी, पाठीला लॅपटॉपची बॅग. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते आणि ही तपासणी फावल्या वेळात, फुकट.

गुणाबाई दारातच म्हणाली, “तू व्हय ती संशयवाली? आगं, माझा दादा चौतीस वर्सं खांबावर चढला. कुनाच्या एका वायरीला हात लावला न्हाई त्यानं.”

मी घसा साफ केला. वांग्याची गोष्ट गुणाबाईला माहीत नव्हती.

“मावशी, मी कुठं म्हणाले त्यांनी काही केलं?”

“मंग बस. चहा ठेवते.”

“निकाल लागेपर्यंत चहा नको.”

“म्हंजी आमचा चहा बी संशयितात का?”

बुद्धप्रिया हसली, पण चहा घेतला नाही. देव्हाऱ्याजवळ गेली. महालक्ष्मीच्या यंत्रावर हळदकुंकू होतं आणि एक झेंडूचं फूल. तिनं खाली वाकून वायर बघितली, मग जमिनीवरच मांडी घालून लॅपटॉप उघडला. पडद्यावर नऊ आडव्या रेघा होत्या, एकेका यंत्राची एक.

“ही बघा काका. या आठ रेघा कुठून सुरू होतात?”

“दसरा. अकरा बेचाळीस.”

“एकाच मिनिटाला. वेगवेगळ्या गावांतले, एकमेकांना न ओळखणारे आठ लोक असं करत नाहीत. ही पहिली खूण. आता इथं बघा.”

डिसेंबरच्या जागेवर नऊच्या नऊ रेघा तुटल्या होत्या. सकाळी आठच्या सुमाराला एकामागून एक गायब आणि संध्याकाळी सातच्या पुढं परत. मधे अख्खा दिवस काही नाही.

“आमच्या टीममध्ये एक जर्मनीचा आहे, एक ब्राझीलची. ते म्हणाले, हे टोळकं आहे. एका दिवसात सगळी यंत्रं उचलून त्यांत काहीतरी बसवलं असणार. नऊ यंत्रं या भागातली, म्हणून त्यांनी ते माझ्याकडं दिलं. मी तारीख बघितली.”

गुणाबाई पडद्यावर वाकली. “कोनती तारीख?”

“मार्गशीर्ष अमावस्या, मावशी.”

“आगं, म्हंजी येळवस.”

आमच्याकडं येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, घरात कोणी राहत नाही. लातूरसारखं शहरही दुपारी रिकामं असतं. सगळे शेतात जातात, कडब्याच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, पांडवांची पूजा करतात आणि तिथंच भज्जी, म्हणजे हिरव्या दाण्यांची मिसळभाजी, आणि ताकातली आंबील जेवतात. आणि आमच्या घराण्यात बाहेर पडताना मेन स्विच बंद करायचा ही यशोदाची शिस्त. तिनं ती नणंदा, जावा, भाचेसुना सगळ्यांना लावली होती. त्या दिवशी नऊ घरांनी मेन स्विच बंद केला आणि नऊ यंत्रं गेली.

“मीसुद्धा त्या दिवशी मैत्रिणीच्या शेतात भज्जी खात होते,” बुद्धप्रिया म्हणाली. “पण त्या जर्मनवाल्याला समजवायला मला दोन दिवस लागले. अख्खं शहर कुलूप लावून शेतात जेवायला जातं, यावर त्याचा विश्वासच बसेना. शेवटी मी त्याला रिकाम्या रस्त्याचे फोटो पाठवले.”

मला हलकं वाटलं. “मग सुटलो म्हणायचं.”

“नाही काका.”

गुणाबाई उठता उठता परत बसली.

“एक विचारू? आत्ता, इथं बसून, तुमच्या मोबाईलवरून किती यंत्रं बंद करता येतील?”

मी मनात मोजली, जरी मोजायची गरज नव्हती. “नऊ.”

“मावशी, तुम्हाला किती येतील?”

“मला? वायर उपटली की एक.”

“तेच,” बुद्धप्रिया म्हणाली. “काका, तुम्ही चांगले आहात हे मला दिसतंय. मी तुमच्या यंत्रांतून आमिषंही सोडली होती. म्हणजे एक खोटा पत्ता, जो मी कोणाला सांगितलेला नाही. त्या पत्त्यावर कोणी आलं की समजायचं, वाटेतल्या कोणीतरी वाचलं. कोणी आलं नाही. पण उद्या तुमचा मोबाईल कोणी हिसकावला, तर त्याच्या हातात नऊ रिले येतात. आणि नेटवर्कला वाटत राहतं की हे नऊ जण एकमेकांना ओळखत नाहीत, कारण तुम्ही तसं लिहून दिलंय. नऊ वेळा.”

खोटा पत्ता सोडायचा आणि कोण येतं बघायचं. हे मी आधी एकदा अनुभवलं होतं. तेव्हा माझ्या हातात भेंडीची पिशवी होती.

मी दोघींना वांग्याची गोष्ट सांगितली. गुणाबाईनं आधी कपाळावर हात मारला, मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. “आन मी हिला सांगून राहिले की दादानं वायरीला हात लावला न्हाई.” बुद्धप्रियाला हसू आवरेना. तिनं चष्मा काढून पुसला.

“काकू आमच्या टीममध्ये पाहिजे होत्या,” ती म्हणाली.

“ती असती तर मला त्याच दिवशी धरलं असतं. त्या पत्रांच्या दिवशी.”

“मग आता काय करायचं?”

“ऐकू येतं तर येतं म्हणून सांगायचं,” मी म्हणालो. “नऊ यंत्रं एकाच्या हातात आहेत असं कुठं लिहायचं ते दाखव. माझं नाव घाल, फोन नंबर घाल.”

तिनं दाखवलं. प्रत्येक यंत्राच्या माहितीत बाकीच्या आठांची ओळख टाकायची. एकदा ती टाकली की नेटवर्क एका डब्यासाठी या नऊपैकी एकच गाडी घेतं, दोन कधीच नाही. कामात लपवाछपवी राहत नाही. मी माझ्या हातानं भरलं. तिनं मागून तपासलं, मग टीमला दोन ओळी लिहिल्या आणि आम्ही थांबलो. ब्राझीलमध्ये तेव्हा पहाट होती म्हणे, पण उत्तर पंधरा मिनिटांत आलं. नऊ ठेवायला हरकत नाही. खोटी पत्रं पाठवल्याची नोंद राहील. यादीत नाव लागणार नाही.

“कुनाची नोंद? वैनीची?” गुणाबाईनं विचारलं.

“काकांची.”

“मंग राहू दे. त्याची आसू दे.”

मग तिनं चहा आणला. बुद्धप्रियानं दोन कप घेतले आणि धपाटंही खाल्लं. मला वाटलं झालं. पण गुणाबाई माझ्यासमोर हात पसरून उभी राहिली.

“किल्ली दे.”

“कसली?”

“महालक्ष्मीची. यंत्र माझ्या घरात, कुंकू मी लावते, आन किल्ली तुझ्या खिशात व्हय?”

“तुला पासवर्ड ध्यानात राहायचा न्हाई, गुणे.”

“मला बारा घरच्या लग्नाच्या तारखा ध्यानात हायत. तू तिकडं तोंड कर.”

मी भिंतीकडं तोंड करून बसलो. मागं गुणाबाई एकेक अक्षर शोधून दाबत होती आणि बुद्धप्रिया सांगत होती, “मला पण नका दाखवू, मावशी.” पाऊण तास लागला. शेवटी माझ्या मोबाईलवरून महालक्ष्मीचं दार बंद झालं. उघडून बघितलं तर मला आत घेईना. तेव्हा बहिणीचा अभिमान वाटला आणि थोडं बाहेर काढल्यासारखंही वाटलं. माझ्या नावावरच्या नऊ यंत्रांतून महालक्ष्मी काढली. आठ राहिली.

पुढच्या काही महिन्यांत मी घरोघरी हिंडलो. शेषेराव म्हणाला, “मला नको किल्ली. मी टॅक्टरची हरवली दोनदा. तू तुझ्याकडंच लिहून ठेव सर्जाला.” औशाच्या भाचेसुनेनं घेतली आणि उदगीरला नीलाबाईनं घेतली. सहा माझ्या नावावर उघडपणे राहिली आणि तीन आपापल्या घरची झाली. शिकवायला जायचं म्हणून दर पंधरवड्याला कुठल्यातरी गाडीत बसायचो. घरातून बाहेर पडायला मला तेवढं कारण पुरायचं.

यंदाच्या येळवसला सगळे किल्लारीला आमच्या शेतात जमलो. बुद्धप्रियाला गुणाबाईनं बोलावलं होतं. नांदेडहून निघताना मी दारात उभा राहिलो. मेन स्विच चालू ठेवावा असं एकदा मनात आलं. मग बंद केला. यशोदानं एकही येळवस चुकवली नव्हती. यंत्राच्या माहितीत मी आधीच लिहून ठेवलं होतं, मार्गशीर्ष अमावस्येला दिवसभर बंद.

दुपारी कोपीसमोर पंगत बसली. ज्वारी कमरेच्या वर आली होती. बुद्धप्रियानं मोबाईल बघून सांगितलं, “काका, तुमची सहा बंद. किल्ली घेतलेल्या तिघींनी मेन स्विच चालू ठेवलाय, त्यांची तीन चालू. शोभतंय.”

“आन जर्मनवाला?” शेषेरावनं विचारलं.

“त्यानं कॅलेंडरात लिहून ठेवलंय. पुढच्या वर्षी येतो म्हणाला, आंबील प्यायला.”

नीलाबाई भरीत वाढत आली. माझ्या ताटात घातलं आणि थबकली. “दाजी, आक्काचं पान काढलंय तिकडं कोपीत. त्याच्यावर भरीत न्हाई घातलं मी.”

“का?”

“तिला वांगं चालत न्हवतं की. मला तिनं फोनवर सांगितलं होतं, लई वर्सं झाली. तवापासून ती आली की मी वांगं करतच न्हवते.”

मी हातातला घास खाली ठेवला. मला आठवलं, उदगीरहून परत येताना गाडीत यशोदा दर वेळी म्हणायची, नीलाचा हात भरताला चांगला, पण हल्ली ती करतच नाही. मला वाटायचं, शेतात वांगं लावायचं सोडलं असेल.

मी नीलाबाईला सगळं सांगितलं. ती भरताचं पातेलं धरून तशीच उभी. डोळ्यांत पाणी आलं आणि ओठ मात्र हसायला लागले.

“म्हंजी वीस वर्सं मी तिला उगंच दोडका घातला?”

“काकू आमिष सोडून बसल्या आणि काढून घ्यायचं विसरल्या,” बुद्धप्रिया म्हणाली.

नीलाबाई वळली आणि कोपीत गेली. आम्ही सगळे इकडून बघत होतो. तिनं यशोदाच्या पानावर भरीत वाढलं. एक डाव घातला, थोडं थांबली आणि अजून एक घातला. मग बाहेर येऊन मला म्हणाली, “आता जेवा, दाजी. भाकरी गार होऊन राहिली.”